गुळगुळीत तळ

पत्रांच्या बाबतीत शिवाप्पा हुक्केरी अगदी काटेकोर माणूस. लग्नाला जाणं जमणार नसेल तर तसं कार्ड टाकायचे. चुलतभावाच्या जावयाला नोकरी लागली तेव्हा त्यालाही त्यांनी दोन पानी अभिनंदन धाडलं होतं, आणि तो जावई आजतागायत बुचकळ्यात होता. असल्या माणसानं जन्मात एकच पत्र बिनउत्तराचं ठेवलं. एकोणीसशे पंच्याण्णवच्या दसऱ्यानंतर हुपरीहून एक निळं अंतर्देशीय आलं. ते त्यांनी तीनदा वाचलं, घडी घातली आणि काचेच्या वस्तूंवरच्या एका जाडजूड इंग्रजी पुस्तकात ठेवून दिलं. उद्या लिहू म्हणाले. त्या उद्याला अकरा वर्षं झाली.

पत्र काही मोठं नव्हतं. अक्षर चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं होतं, एकेक अक्षर जपून ठेवलेलं.

'आदरणीय आण्णा यांस तानाबाई गुंडू मांगुरे हिचा नमस्कार. तुम्ही आमचा गोळा बघून नवा आहे म्हणालात. खालची बाजू गुळगुळीत म्हणून नवा, असं म्हणालात असं हे सांगतात. आण्णा, ती बाजू यांनीच आदल्या दिवशी घासली. आमच्यात मळकी वस्तू परक्याच्या हातात देत नाहीत, उजळा देऊन मगच देतात. घासल्यामुळं जुनी काच नवी दिसते काय, एवढंच दोन ओळींत कळवा. थोरले भाऊजी म्हणतात, यांनी खरा गोळा विकला आणि नवा आणून ठेवला. दोघा भावांचं बोलणं बंद झालंय. भाऊजी आमचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.'

हा गोळा म्हणजे काचेचं पेपरवेट. आणि शिवाप्पांना पेपरवेटचं वेड होतं.

ते कोल्हापूरच्या एका वाचनालयात बत्तीस वर्षं ग्रंथपाल होते. एका वारलेल्या वकिलाची पुस्तकं वाचनालयाला भेट आली, त्या खोक्याच्या तळाशी मूठभर आकाराचा एक काचेचा गोळा निघाला. आत रंगीत फुलं. ती आत शिरली कशी, हे कुणालाच सांगता येईना. शिवाप्पांनी मग पुस्तकं धुंडाळली. काचेच्या रंगीत कांड्या एकत्र बांधून तापवायच्या, ओढून बारीक करायच्या आणि गार झाल्यावर आडव्या कापायच्या. अळूच्या उंड्याचे काप केले की प्रत्येक कापावर तीच नक्षी उमटते, तसं. हे काप मांडून वर वितळलेली काच ओतली की झाला गोळा. दीडशे वर्षांपूर्वी परदेशात हे काम फार नजाकतीनं झालं. पुढं त्याच्या नकला निघाल्या, त्याही वाईट नव्हत्या. तेव्हा खरी गंमत अस्सल आणि नक्कल ओळखण्यात.

जुन्या बाजारात, मोडीत निघालेल्या कचेऱ्यांत, साहेबी टेबलांच्या लिलावात फिरून त्यांनी चाळीसेक गोळे जमवले. त्यात खरोखर जुने दोन-तीनच होते, आणि तेही जुने आहेत की नाहीत या शंकेनं ते महिन्यातून एकदा भिंगाखाली जायचे. शिवाप्पांचा स्वभावच तसा. दाराला कडी लावली तरी परत येऊन बघणार. बाजारातून कोथिंबीर आणली तरी 'हीच सांगितली होतीस ना?' असं विचारणार. त्यांच्या पत्नी शांतादेवी म्हणायच्या, "लग्नातसुद्धा हार घालताना माझ्याकडं दोनदा बघितलंत तुम्ही. मी म्हटलं, आता नको म्हणताय की काय!"

असा हा शंकेखोर माणूस एकाच दिवशी, एकाच वेळी बेधडक बोलला.

वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवात समितीनं त्यांच्या गोळ्यांचं प्रदर्शन मांडलं. वर्तमानपत्रात चौकट आली. 'आपल्या घरातले जुने पेपरवेट घेऊन या, जाणकार पारखून देतील' असंही त्यात कुणीतरी घालून दिलं. जाणकार हा शब्द वाचून शिवाप्पांना घाम फुटला. पण लोक आले. टेबलाभोवती पंधरा-वीस जण उभे राहून त्यांच्या हाताकडं बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा शिवाप्पा बोलत होते आणि माणसं गप्प बसून ऐकत होती.

तिसऱ्या दिवशी हुपरीचे दोघे भाऊ आले. थोरले गणपतराव, पटकेवाले, दारातूनच आवाज. धाकटा गुंडू, किडकिडीत, हातात फडक्यात गुंडाळलेली वस्तू.

"पावणं, जरा सरका की! चांदीच्या गावासनं आलोय, पर आज काच दावायला आलोय," गणपतराव गर्दीला म्हणाले आणि लोक हसले. "आण्णा, हा साहेबाचा गोळा. आमच्या बाऽनं साहेबाची चांदीची भांडी दुरुस्त करून दिलती. साहेब विलायतेला निघाला तवा ह्यो हातावर ठेवून गेला. बाऽ मरूस्तोवर उशाला घेऊन झोपला बघा."

गोळा धाकट्याच्या घरात असायचा, कारण म्हाताऱ्याचं सगळं त्यानंच केलं होतं. आता दोघांच्या मुलांची लग्नं ठरत होती, आणि घरात आहे काय ते एकदा कळावं म्हणून दोघे एका एस.टी.नं, एकाच बाकावर बसून आले होते.

शिवाप्पांचा नियम होता, आधी तळ बघायचा, मग पोट, म्हणजे आतली फुलं. शंभर वर्षं टेबलावर बसलेल्या, इकडून तिकडं सरकलेल्या गोळ्याच्या तळाला कडेनं बारीक ओरखड्यांचं कडं पडतं. ते नकलेत नसतं. त्यांनी गोळा उलटा केला. तळ आरशासारखा होता.

"काय तळ आहे!" ते म्हणाले. "आरसा झालाय नुसता."

हे ऐकून गुंडू हसला. लाजून, मान खाली घालून. गावातला नावाजलेला पॉलिशवाला तो. आदल्या दिवशी दुपारभर त्यानं हा तळ आधी पाण्यावर बारीक घासला होता आणि मग चांदीचे पैंजण चमकवायच्या चाकावर तांबडी पूड लावून आरसा होईपर्यंत धरला होता. कोल्हापूरच्या शिकलेल्या माणसाच्या हातात मळका गोळा कसा द्यायचा? आपल्या हाताचं कौतुक चाललंय असं त्याला वाटलं.

"ही वस्तू नवी आहे," शिवाप्पा पुढं म्हणाले. "फार तर दहा-पंधरा वर्षांची. जुन्या काचेचा तळ असा नसतो." गर्दीतून कुणीतरी 'वा!' म्हणालं. त्या 'वा'नं शिवाप्पांना काय झालं कोण जाणे. पोट बघायचं राहून गेलं. त्यांनी गोळा फडक्यावर ठेवला आणि पुढच्या माणसाकडं वळले.

गणपतरावांनी भावाकडं बघितलं. गुंडूच्या तोंडावर ते हसू अजून तसंच होतं, पुसायचं राहिलेलं. "हसतोयस व्हय रं?" एवढंच गणपतराव म्हणाले. गोळा फडक्यासकट त्यांनी स्वतःच्या काखोटीला मारला आणि निघाले.

पत्र आलं तेव्हा शिवाप्पांना सगळं डोळ्यांपुढं दिसलं. गुंडूच्या नखांत अडकलेली तांबडी पूडसुद्धा. ती त्यांनी त्या दिवशी बघितली होती. मेहंदी असावी असं वाटलं होतं.

चूक आपली आहे, हे त्यांना पहिल्या वाचनातच कळलं. शंकेला जागा नव्हती, आणि ज्या माणसानं जन्मभर शंका काढल्या त्याला नेमकी इथं एखादी हवी होती. ते लिहायला बसलेही. पण त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात त्यांचा फोटो छापून आला. 'एका नजरेत नक्कल ओळखणारे हुक्केरी आण्णा.' समितीनं शाल दिली. शाल अंगावर असताना लिहायचं कसं? मग दिवाळी आली. मग वाटलं, इतक्या उशिरा लिहिलं तर ती बाई विचारेल, एवढे दिवस काय करत होता? संक्रांतीपर्यंत उशिराची लाज मूळ चुकीपेक्षा मोठी झाली. पुढं शिवाप्पा ते पुस्तकच उघडेनासे झाले. जुन्या बाजारात जाणं सुटलं. कुणी पेपरवेट घेऊन आलं तर 'डोळे गेले आता' म्हणून परत पाठवू लागले. लोकांना वाटलं, आण्णा विरक्त झाले.

दोन हजार पाचच्या पुरात शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात कमरेइतकं पाणी शिरलं. खालच्या फळ्यांवरची पुस्तकं लगद्यासारखी बाहेर काढावी लागली. ते जाड पुस्तक मात्र सगळ्यात वरच्या फळीवर होतं. कोरडं ठणठणीत राहिलं. शिवाप्पांना त्याचा राग आला, आणि राग आल्याचीही लाज वाटली.

पुढच्या वर्षी कार्तिकातल्या एका दुपारी गणपतराव दारात उभे राहिले. आवाज तोच, पण पटका गेला होता आणि हातात काठी आली होती. दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"वळखलासा का आण्णा? हुपरी. साहेबाचा गोळा."

शिवाप्पांनी ओळखलं. बसा म्हणत त्यांनी खुर्ची पुढं केली. शांतादेवींनी पाणी आणून ठेवलं आणि त्या आतल्या दाराशी निवडायचं सूप घेऊन बसल्या.

"गुंड्या गेला," गणपतराव म्हणाले. "वीस दिस झालं."

"कशानं?"

"छातीनं. पॉलिशची पूड, दुसरं काय! खोकत हुता चार वर्षं. भिंतीपलीकडनं ऐकायला याचं." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मी गेलो न्हाय आण्णा. खांदा दिला न्हाय. पोरं म्हणाली, चला. म्हटलं, बाऽची वस्तू विकून खाल्लेल्याला खांदा द्यायचा न्हाय. दार लावून बसलोतो. ताना, ती त्याची बायको, ती दाराम्होरं आली, म्हणाली, भाऊजी, आता तरी. मी उठलो न्हाय."

शिवाप्पांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला.

"अकरा वर्षं ह्यो गोळा लोखंडी कपाटात ठेवला, पुरावा म्हणून. भावकीत कुणी काय बोललं की काढून दावायचो. एवढ्या मोठ्या माणसानं सांगिटलंय म्हणायचो." पिशवीतून त्यांनी गोळा काढून टेबलावर ठेवला. "पर आता घरात ठेवू वाटंना. आण्णा, एक डाव बघा. तवा बोललासा ते खरंच हुतं न्हवं? तेवढं सांगा, मी जातो. वाद घालायला आलो न्हाय मी. झोप लागंना झालीया म्हणून आलोय."

शिवाप्पांनी टेबलाच्या खणातून भिंग काढलं. या वेळी त्यांनी तळ बघितला नाही. खिडकीकडं तोंड करून गोळा सरळ धरला आणि फुलांमधून नजर हळूहळू फिरवत नेली. तांबडी, निळी, पिवळ्या गाभ्याची. कडेला, दोन हिरव्या फुलांच्या मधोमध, ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा काप होता. त्यावर कारखान्याच्या नावाचं एक इंग्रजी अक्षर, आणि शेजारी ओळीनं चार आकडे. एक, आठ, चार, आठ.

पंच्याण्णव साली हा काप इथंच होता. गोळा सुलटा धरायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"काय?" गणपतरावांनी विचारलं.

शिवाप्पांचं तोंड उघडलं. समोरच्या म्हाताऱ्याचे डोळे पाणावलेले होते, आणि त्यांना हवं होतं ते उत्तर फक्त एका शब्दाचं होतं. 'व्हय' म्हटलं तर हा माणूस घरी जाऊन झोपेल. 'न्हाय' म्हटलं तर बिनखांद्याचा भाऊ याच्या उशाशी येऊन बसेल, मरेपर्यंत. आणि नुकताच सरणावर गेलेला तो गुंडू? तो लाजून हसलेला?

"ठेवून जा," शिवाप्पा कसेबसे म्हणाले. "नीट बघायला लागेल. कळवतो."

"तवा तर दोन मिंटांत सांगिटलासा की."

"तेव्हा घाई केली."

गणपतरावांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. गावाकडचा माणूस, बाजारात जन्म गेलेला. त्यांना कळलं की नाही, हे शिवाप्पांना कधीच कळलं नाही. "कळवा मग," म्हणाले, काठी टेकत उठले, आणि उंबऱ्यावर थांबून पाठमोरेच बोलले, "काय आसंल ते कळवा. आता माझ्यासाठी न्हवं."

ते गेल्यावर शिवाप्पा आतल्या दाराशेजारी खुर्चीवर चढले आणि वरच्या फळीवरचं पुस्तक काढू लागले. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हताच, त्यांना पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघायचं होतं. पान उघडलं. तस्साच काप, तस्सेच आकडे. आणि पानांतून निळी घडी शांतादेवींच्या सुपात पडली.

शांतादेवींनी ती उघडली, वाचली. मग तारीख वाचली.

"हे मला दाखवलं नाही तुम्ही."

"नाही."

"उत्तर?"

"लिहिलं नाही."

"अय्यो, शिव शिव!" शांतादेवींनी सूप बाजूला सारलं. "त्या बाईनं दोन ओळी मागितल्या होत्या हो. घर नाही मागितलं, दार नाही मागितलं. आणि तुम्ही? भावजयीच्या भाच्याला पोरगी झाली तर पत्र लिहिता! हिलाच तेवढं लिहायला शाई नव्हती?"

"मला भीती वाटली, शांता."

"कशाची? शाल काढून घेतील म्हणून?"

शिवाप्पांनी होकाराची मान हलवली. खरं म्हणजे तेवढंच होतं. यापेक्षा मोठं कारण सापडावं म्हणून ते अकरा वर्षं शोधत होते आणि दुसरं काही सापडलं नव्हतं.

ते लिहायला बसले. चार पानं झाली. त्यात काचेच्या तळाचं शास्त्र आलं, गर्दीचा गोंधळ आला, त्या काळातली प्रकृती आली. शांतादेवींनी चष्मा लावून पानं वाचली.

"यात 'परंतु' किती आहेत, जरा मोजा," त्या म्हणाल्या आणि पानं परत दिली. "आणि हे पाकिटात घालणार? पाकीट ती बाई एकटी वाचणार, आणि सांगत फिरणार की माझा नवरा चोर नव्हता. कोण ऐकणार तिचं? आजवर कुणी ऐकलं? कार्डावर लिहा. खेड्यात कार्ड पोस्टमनपासून सगळी गल्ली वाचते. तुमचं 'नवी आहे' सगळ्यांनी ऐकलं, हेही ऐकू दे."

"माझं नाव..."

"तेच म्हणते मी. नाव ठळक घाला."

संध्याकाळपर्यंत पाच कार्डं वाया गेली. शिवाप्पांनी सहावं पुढ्यात घेतलं.

'सौ.' हे पहिलंच अक्षर चुकलं. ते त्यांनी खोडलं, आणि त्या खोडण्याकडं बराच वेळ बघत बसले. मग सातवं कार्ड घेतलं.

'श्रीमती तानाबाई मांगुरे यांस. आपल्या पत्राचं उत्तर. होय, घासल्यामुळे जुनी काच नवी दिसते. आपला गोळा अस्सल आहे, त्याच्या पोटात १८४८ साल आहे. गुंडूराव यांनी वस्तू बदलली नाही. चूक माझी होती. ती मला पंच्याण्णव सालीच तुमचं पत्र वाचून कळली होती. मी भीतीमुळे कळवलं नाही. गोळा माझ्याकडे आहे, मी स्वतः हुपरीला आणून तुमच्या हातात देईन. शिवाप्पा हुक्केरी.'

दुसरं कार्ड त्यांनी गणपतरावांच्या नावानं लिहिलं. पहिल्या दोन वाक्यांऐवजी 'आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. गुंडूरावांनी तळ घासला होता, म्हणून जुनी काच नवी दिसली', 'तुमचं पत्र'च्या जागी 'तानाबाईंचं पत्र' आणि शेवटी 'गोळा तानाबाईंच्या हातात देईन', एवढाच फरक. हात तिथं अडखळला. त्या म्हाताऱ्याची झोप आपण स्वतःच्या हातानं कायमची काढून घेतोय, हे त्यांना लख्ख दिसत होतं. अकरा वर्षांपूर्वी हेच लिहिलं असतं तर दोघे भाऊ एका बाकावर बसून परत गोळा दाखवायला आले असते. गणपतरावांनी भावाला चार शिव्या घातल्या असत्या, 'घासलंस ते तवाच सांगायचं न्हाईस व्हय रं येड्या?' म्हणून, आणि तिथंच मिटलं असतं. त्या वेळी ही बातमी म्हणजे गोड खाऊ होता. आता तीच बातमी विषासारखी दोन घरांत जाणार होती. एका घरात ती ज्यानं ऐकायला हवी होती तो माणूस उरला नव्हता, आणि दुसऱ्या घरात ती ऐकणारा माणूस उरला होता.

"नको पाठवायला का यांना?" त्यांनी विचारलं.

शांतादेवींच्या कपाळावरची विभूती पुसट झाली होती, तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "'काय असेल ते कळवा' म्हणाले ना ते? मग त्यांच्या वतीनं तुम्ही का ठरवताय? एकदा ठरवलंत तेवढं पुरे झालं."

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर, पानाच्या टपरीशेजारी होती. टपरीवाल्यानं हाक मारली, "काय आण्णा, आज कुणाचं लग्न?" शिवाप्पांनी नेहमीसारखी हसून वेळ मारून नेली नाही. ते पेटीसमोर उभे राहिले. पत्ते पुन्हा वाचले. पिनकोड वाचला. तालुका, जिल्हा. सगळं बरोबर होतं. त्यांनी ते तिसऱ्यांदा वाचलं, कारण अजूनही कुठंतरी एखादी चूक सापडली असती तर घरी परत जाता आलं असतं.

चूक नव्हती. त्यांनी आधी तानाबाईंचं कार्ड आत टाकलं. मग गणपतरावांचं.

पेटी त्या दिवशी आधीच रिकामी करून नेलेली असावी. दोन्ही कार्डं पत्र्यावर पडल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.